चौदा कोरे दिवस

६ मे, मंगळवार

आज दोन वह्या आणल्या. एक डॉक्टर बाईंना दाखवायची. तिच्यात तारीख, गोळी किती, झोप किती तास, जेवण, चक्कर, रडणं असे रकाने आखून झाले. दुसरी ही. हिच्यात रकाने नाहीत आणि ही कोणाला दाखवायची नाही. तीस वर्षं औषधांच्या दुकानात काउंटरवर उभं राहिलं की लोकांसमोर चेहरा सरळ ठेवायची सवय लागते. तो वाकडा करायला कुठेतरी जागा हवी.

धाकटीची गोळी बदलायची ठरली. नऊ वर्षं तिने ही एकच गोळी घेतली, इमानेइतबारे. गेलं वर्षभर ती चालेनाशी झाली आहे. डोस वाढवून पाहिला, जोडीला दुसरी देऊन पाहिली. काही नाही. एकोणपन्नास वर्षांची माझी बहीण सकाळी हातात ब्रश धरून बेसिनपाशी वीस-वीस मिनिटं उभी राहते. मी हाक मारली की म्हणते, "हो, घासतेय." ब्रश कोरडा असतो.

बाईंनी कागदावर रेघा मारून समजावलं. सहा आठवडे जुनी गोळी पायरीपायरीने उतरवायची. मग चौदा दिवस कोरे, काही म्हणजे काही नाही. मग नवी. ही नवी फार हट्टी आहे. "या दोघींची शरीरात गाठ पडता कामा नये," बाई म्हणाल्या. "पडली तर ताप चढतो, अंग ताठ होतं, माणूस हातचा जाऊ शकतो. चौदा म्हणजे चौदा. तेरा नाहीत." मला हे पाठ आहे. मीच रोज गिऱ्हाइकांना असलं काहीबाही सांगत असते. तरी पहिल्या बाकावरच्या मुलीसारखी मान हलवत बसले.

धाकटीने एवढंच विचारलं, "आणि त्या चौदा दिवसांत माझ्याकडे काय असणार?"

बाईंनी तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "मी असणार."

११ मे, रविवार

गोळ्यांचा डबा भरला. सात दिवसांचे सात खण, दर रविवारी सकाळी मीच भरते. गोळी कापायची छोटी पेटी दुकानातून आणली. सुरीने कापली की तुकडे सारखे पडत नाहीत आणि मला असमान तुकडे बघवत नाहीत. धाकटी बघत होती. एक तुकडा उचलून तिने खिडकीसमोर धरला आणि एक डोळा मिटून पाहिला. ती चष्म्याच्या कारखान्यात काचा घासते. काचेतून खिडकीची चौकट बघायची, चौकट वाकडी दिसली की काच चुकली, ही त्यांची पद्धत. आता कुठलीही वस्तू हातात आली की ती तशीच धरते, मग ती बशी असो नाहीतर गोळी.

"बरोबर आहे का गं?" मी विचारलं.

"आरपार दिसत नाही," ती म्हणाली. हा तिचा गेल्या महिनाभरातला पहिला विनोद. तो डॉक्टरांच्या वहीत लिहायला रकाना नाही, म्हणून इथे लिहिला.

मला या बदलाची भीती वाटते, हेही इथेच लिहिते. नऊ वर्षांपूर्वी तिने तेव्हाची गोळी मनानेच बंद केली होती. बरं वाटतंय, कशाला खायची, म्हणून. पंधरा दिवस मला कळलं नाही. सोळाव्या दिवशी दुपारी मी दुकानातून घरी आले. त्या दुपारचं मी इथेही लिहिणार नाही. त्यानंतर एकवीस दिवस ती इस्पितळात होती आणि मी तिच्या पलंगाशेजारच्या लोखंडी खुर्चीत. तेव्हाच मी ठरवलं की यापुढे गोळ्या माझ्या हातात.

२५ मे, रविवार

अर्ध्यावर आलो. हिचा राग नाकाच्या शेंड्यावर. आज पडदा पूर्ण सरकवला की अर्धा, यावरून माझी खरडपट्टी निघाली. मी पण काही गप्प बसणारी नाही. तासाभराने येऊन म्हणाली, "ताई, मी नव्हते ती." म्हटलं, "मग जी कोण होती तिला सांग, उद्या भांडी तिने घासायची." हसली नाही, पण भांडी घासली.

दादाचा फोन आला. तो दोन तासांच्या अंतरावर राहतो पण बोलतो असा की जणू परदेशात आहे. "काही लागलं तर सांग." त्याला काय सांगणार? वहिनीने फोन घेतला आणि धाकटीशी बोलली. काय बोलल्या कोण जाणे, दार लावून बोलल्या. अर्धा तास. माझ्याशी कधी पाच मिनिटांवर बोलत नाही ती.

८ जून, रविवार

पाव गोळी. कारखान्यातून रजा घेतली. गुरुवारी तिने एका मुलाच्या चष्म्याची काच उलट्या बाजूने घासली आणि तिथेच रडायला लागली. मुकादमाने स्वतः रिक्षात बसवून घरी पाठवलं. भला माणूस आहे.

आज मोज्यांची जोडी लागेना म्हणून रडली. मी जोडी शोधून दिली तर आणखी रडली. वहीतला रडण्याचा रकाना मला रुंद करावा लागणार.

१५ जून, रविवार

शेवटचा पाव तुकडा सकाळी साडेआठला घेतला. मग सवयीने मी पुढच्या आठवड्याचा डबा उघडला आणि नुसती बघत बसले. सात खण, सातही रिकामे. धाकटी आली, डबा माझ्या हातातून घेतला, मोरीत नेऊन साबणाने धुतला आणि ओट्यावर पालथा घातला. "सुट्टीवर गेला तो," म्हणाली.

तिच्यात एवढं धैर्य कुठून येतं मला कळत नाही.

१७ जून, मंगळवार. दुसरा कोरा दिवस

सकाळी ती पलंगाच्या कडेवर बसली होती, दोन्ही हातांनी गादी घट्ट धरून. "डोळे बाजूला फिरवले ना, की डोक्यात करंट बसतो. झण् करून." मळमळतंय. घामाने उशी ओली. बाईंना फोन केला. म्हणाल्या, अपेक्षित आहे, धोका नाही, पाणी द्या, सोबत करा, फारच झालं तर मला सांगा पण जुनी गोळी मुळीच नको.

सोबत करा! मी दुकानातून अर्धा दिवस रजा काढली आणि तिच्यासमोर खुर्ची टाकून बसले. करणार काय? दर दहा मिनिटांनी विचारायचे, "आता कसं वाटतंय?" शेवटी ती म्हणाली, "ताई, तू जरा दुकानात जा ना." गेले. जाताना जिना कठडा धरून उतरले. नऊ वर्षांपूर्वीच्या त्या दुपारी चढले तोच जिना.

१८ जून, बुधवार

लिहावं की नाही याचा दुपारभर विचार केला. लिहिते. निदान एका ठिकाणी तरी खरं असू दे.

दुपारी दोन ते चार दुकानाचं शटर अर्धं खाली असतं. मालक घरी जेवायला जातात, मी मागच्या खोलीत डबा खाते आणि हल्ली ही वही लिहिते. आज तिथे बसून मी व्हिटॅमिनच्या कॅप्सूल उघडून रिकाम्या केल्या. जुन्या गोळीचा पाव तुकडा बारीक पूड करून एकेका कॅप्सुलीत भरला आणि टोपण लावलं. तीन केल्या. तीनच दिवस द्यायच्या, एकदम तोडण्याऐवजी जरा हळू उतरवायचं. मग थांबवायचं. त्यानंतरही नऊ-दहा दिवस उरतात आणि पाव म्हणजे असतंच किती?

संध्याकाळी तिला म्हटलं, "ही व्हिटॅमिनची. बाईंना विचारलंय." तिने कॅप्सूल दोन बोटांत धरून दिव्यासमोर पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ. "बरं," म्हणाली. पाण्याचा पेला घेऊन आपल्या खोलीत गेली.

तीस वर्षांत मी एका गिऱ्हाइकाला चुकीची गोळी दिली नाही. हेही लिहून ठेवते.

२० जून, शुक्रवार

गुण आला! सकाळी विचारलं तर म्हणाली, "ठीक आहे." काल विचारलं तेव्हाही "ठीक." करंटचं नाव नाही. गादी धरून बसणं नाही. मला इतकं हायसं वाटलं की दुकानात एका आजोबांना मी गुडघ्याच्या मलमावर सूट दिली. मालकांनी चष्म्यावरून बघितलं.

बारीकसारीक कुरबुरी आहेत. चालताना भिंतीला हात लावते. म्हणाली, चपलांचे तळवे गुळगुळीत झालेत, घसरायला होतं. संध्याकाळी येताना नव्या चपला घेऊन आले. आंघोळीला आत स्टूल नेते, गुडघे दुखतात म्हणून. रेडिओ मात्र न्हाणीघराच्या दारात ठेवून मोठ्याने लावते. गाणी ऐकावीशी वाटणं हे चांगलं लक्षण, मी वहीत तसं लिहिलं.

२१ जून, शनिवार

ठरल्याप्रमाणे आज थांबवायला हवं होतं. तीन संपल्या. पण आज सकाळी ती जरा घाबरीघुबरी होती, दाराची कडी दोनदा लावून पाहिली, वरच्या मजल्यावर कोणीतरी भिंतीला भोक पाडत होतं त्याने दचकत होती. अशा दिवशी काढून घ्यायचं? मी दुपारी आणखी सहा केल्या. घरी येऊन लगेच एक दिली. रात्रीच्या जेवणापर्यंत शांत झाली. चक्क भात मागून घेतला.

बघा, पाव तुकडा! बाईंच्या रेघा कागदावर बरोबर असतील, पण बाई काही हिच्या शेजारच्या खोलीत झोपत नाहीत.

२२ जून, रविवार. सातवा दिवस

हल्ली ती बाजूला बघायचं झालं की डोळे न फिरवता अख्खी मान फिरवते, कधी कधी खांद्यासकट. मी म्हटलं, "घुबड झालीस की काय?" ती म्हणाली, "घुबडाला दिसतं तरी चांगलं." दोघी हसलो. बऱ्याच दिवसांनी घरात दोघींचं हसू.

भाजी चिरायला घेतली आणि दोन मिनिटांत सुरी ठेवून दिली. आळस. तोही चांगलाच म्हणायचा, इतकी वर्षं राबली आहे.

२४ जून, मंगळवार. नववा दिवस

आजचा दिवस फार छान गेला. सकाळी मात्र धाकट्या बाईसाहेब उठायलाच तयार नव्हत्या, पांघरूण डोक्यावर, हाक मारली तर उत्तर नाही. मी दुकानात जायच्या आधीच कॅप्सूल आणि पाणी उशाशी ठेवलं. संध्याकाळी येऊन बघते तर गॅलरीत बसून नखं कापत होती. "आज दुकानात कोण आलं होतं?" असं आपणहून विचारलं. मी तिला दोन्ही कवळ्या घरी विसरून दातदुखीचं औषध मागायला आलेल्या आजींची गोष्ट सांगितली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग ते पाणी जरा जास्त वेळ आलं, पण हसण्याचंच होतं.

मी आज मनात म्हटलं, ही माझी कमाई.

२६ जून, गुरुवार

दुपारी एक काका आले. खोकल्याचं औषध द्या म्हणाले. मी नेहमीप्रमाणे विचारलं, आणखी काय चालू आहे? काही नाही म्हणाले. पण खिशातून पाकीट काढताना चिठ्ठी पडली, तीवर मनाच्या आजाराच्या गोळीचं नाव. माझा आवाज चढला. "अहो काका, या दोन एकत्र घेतल्या असत्या तर? तुम्ही सांगितलंच नाही तर समोरच्याला कळणार कसं? डॉक्टर तुमच्या शब्दावर औषध देतात ना?" सगळं दुकान बघायला लागलं.

काका ओशाळले. हळूच म्हणाले, "माझ्या मुलीला सांगू नका. ती फार घाबरते हो, म्हणून मी तिला काही सांगतच नाही. ती काळजी करते, मग मला तिची काळजी करावी लागते." मी त्यांना दुसरं, चालणारं औषध दिलं. ते गेले.

मग मी मागच्या खोलीत गेले आणि माझेच शब्द माझ्या कानात वाजायला लागले. डॉक्टर तुमच्या शब्दावर औषध देतात ना? तीस तारखेला बाई विचारणार, चौदा दिवस कोरे गेले का? आणि माझ्या शब्दावर नवी गोळी लिहिणार. अठरापासून आजपर्यंत नऊ कॅप्सुली दिल्या. शेवटची आज सकाळी.

काकांच्या मुलीची मला कीव आली. बिचारीला कल्पनाही नसेल.

२७ जून, शुक्रवार

आजपासून बंद. धाकटीला म्हटलं, व्हिटॅमिनचा कोर्स संपला. "संपला?" म्हणाली आणि भिंतीला टेकली. मला वाटलं घाबरली. म्हटलं, "काही होणार नाही, आता तू सावरली आहेस." ती म्हणाली, "हो ना."

दुपारी हिशेब मांडत बसले. पाव गोळी, ती अमुक तासांत निम्मी होते, मग तिच्या निम्मी. आकडे माझ्या बाजूने फिरवायचा किती प्रयत्न केला! तीस तारखेला चार दिवस होतात. चार म्हणजे चौदा नाहीत, हे पहिलीतलं पोर सांगेल. मी बोलले नाही आणि बाईंनी गोळी दिली, तर माझी बहीण मी माझ्या हाताने मारेन. मी बोलले, तर तिला पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात. ती तर दिवस मोजतेय. कारखान्यातही कळवून टाकलंय की पंधरा जुलैपासून येते.

आणि खरं सांगू? भीती बाईंची नाही. धाकटी माझ्याकडे कसं बघेल याची आहे.

२९ जून, रविवार

आज तीनदा तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. पहिल्यांदा ती कपड्यांना इस्त्री करत होती, उद्यासाठी. दुसऱ्यांदा झोपली होती. तिसऱ्यांदा तिनेच विचारलं, "काय गं ताई?" मी म्हटलं, "चहा टाकू का?" दिवसभरात तीन चहा झाले.

उद्या बाईंसमोर बोलेन. वाक्य चिठ्ठीवर लिहून पर्समध्ये ठेवलंय. "डॉक्टर, अठरा ते सव्वीस मी तिला जुनी गोळी देत होते." तेरासुद्धा शब्द नाहीत. आरशासमोर म्हणून पाहिलं. आरशासमोर जमतं.

३० जून, सोमवार

सकाळी अकराची वेळ होती. बाईंनी नवी गोळी कशी घ्यायची, काय खायचं नाही, खोकल्याचं औषधसुद्धा विचारल्याशिवाय नाही, सगळं सांगितलं. मग पेन उघडलं. "चौदाही दिवस पूर्ण कोरे ना?"

प्रश्न दोघींना होता. मी पर्सवर हात ठेवला. चिठ्ठीचा कागद बोटांना लागला. एक, दोन, तीन, असे किती सेकंद गेले कोण जाणे.

"नाही," धाकटी म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं. ती सरळ बाईंकडे बघत होती. "दोनदा जुनी गोळी घेतली मी. पाव पाव. एकवीसला आणि चोवीसला. नाही काढता आले ते दोन दिवस."

"आणि गोळी कुठून आली? घरात ठेवायची नाही असं ठरलं होतं."

"गोळ्यांच्या पाकिटाचा तुकडा राहिला होता कपाटात. माझ्याच."

माझ्या बहिणीला खोटं बोलता येत नाही. आजवर कधी जमलं नाही. आज मात्र डोळ्यांची पापणीही न हलवता बोलली, माझ्यासाठी. तेव्हा कुठे मला कळलं की तिला ठाऊक होतं.

"पाकीट नव्हतं," मी म्हटलं. "मी दिल्या. व्हिटॅमिन म्हणून. नऊ दिवस, रोज एक."

बाईंनी पेनाचं टोपण लावलं. धाकटीला विचारलं, "नऊ की दोन?"

"दोन. सात मी बेसिनमध्ये उघडून पाणी सोडलं. पहिल्याच दिवशी जिभेला लावून पाहिली होती. नऊ वर्षं खाल्लीय, चव कळते ना."

बाई मला ओरडल्या नाहीत. ओरडायला हवं होतं. चोवीसपासून पुन्हा मोजायचं, नवी गोळी नऊ जुलैला, एवढंच म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही या कामातल्या आहात. ही आज बोलली नसती तर?"

मी बोलले असते. असं मला वाटतं. चिठ्ठी पर्समध्ये होती, तोंड उघडणारच होते. पण उघडलं नव्हतं, आणि आता मी उघडलं असतं की नाही हे मला जन्मात कळणार नाही.

१ जुलै, मंगळवार

दुकानात गेले नाही. ही वही पहिल्यापासून वाचून काढली.

एकवीस आणि चोवीस. भात मागून घेतला तो एकवीस. नखं कापली, आजींच्या कवळ्यांवर हसली, तो चोवीस. बाकीचे सगळे दिवस ती काहीही न घेता होती. भिंतीला हात लावत चालली ते चक्कर येत होती म्हणून. मी चपला आणल्या. स्टुलावर बसून आंघोळ केली ते उभं राहवत नव्हतं म्हणून, आणि रेडिओ मोठा केला ते उलटीचा आवाज मला येऊ नये म्हणून. डोळे फिरवले की डोक्यात करंट बसायचा, म्हणून ती मान फिरवत होती. आणि मी तिला घुबड म्हटलं. ती हसली, कारण मी हसत होते.

आणि डॉक्टरांच्या वहीत मी काय लिहिलंय? ठीक. ठीक. गाणी ऐकते. ठीक.

दुपारी तिच्या खोलीत गेले. आधी कधी बोलले नाही अशी भाषा वापरली, माफ कर वगैरे. तिने मला शेजारी बसवलं.

"तू मला सांगितलं का नाहीस?" मी विचारलं. "मला कळलंय म्हणून. त्रास होतोय म्हणून. काहीही."

"सांगितलं असतं तर तू पावाची अर्धी केली असतीस, ताई."

केलीच असती. बुधवारी नाही तर गुरुवारी.

"मग माझ्याच तोंडावर फेकायच्या होत्यास."

"तुला काहीतरी केल्यासारखं वाटत होतं ना. तू जेवायला लागली होतीस. सतरा तारखेला तू काही खाल्लं नव्हतंस, पाहिलं होतं मी." मग म्हणाली, "मला कोणाला तरी सांगायचं होतं गं. फार सांगायचं होतं. न्हाणीघरात बसून मी रेडिओलाच सांगायचे."

मी रडले. डॉक्टरांच्या वहीत रडण्याचा जो रकाना आहे तो तिच्यासाठी आहे, म्हणून इथे लिहिते, मी रडले, खूप वेळ, आणि पाठीवरून हात तिने फिरवला.

३ जुलै, गुरुवार

धाकटी दादाकडे गेली. नऊ तारखेपर्यंत तिथे राहीन म्हणाली, पुढचं पुढे बघू. बाईंनाही ते बरं वाटलं. मी नाही म्हणण्याच्या लायकीची उरलेली नाही, पण तरी बॅग भरताना एकदा म्हटलंच, "मी आता काही करणार नाही गं. शप्पथ."

"माहीत आहे," ती म्हणाली. "पण मग तू नुसती बसून बघशील. आणि मी परत ठीक म्हणेन."

बस स्टँडवर दादा आणि वहिनी दोघं आले होते. दादाने बॅग उचलली आणि नेहमीसारखं म्हटलं, "काही लागलं तर सांग." वहिनीने धाकटीचा दंड धरला आणि पायऱ्या चढताना ती स्वतः आधी एक पायरी वर गेली, थांबली, मग हिला घेतलं. कोणी शिकवलं असेल तिला? मी तर दंड सोडाच, चपला घेऊन दिल्या.

धाकटी खिडकीपाशी बसली. मला निरोप द्यायला तिने मान वळवली, अख्खी, खांद्यासकट. मी हात हलवला. बस निघाली. मी सरळ दुकानात गेले आणि साठ्याची यादी करत बसले.

मालकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, काही दिवस चिठ्ठीच्या गोळ्या तुम्ही देऊ नका, मलमं आणि साबण बघा. योग्यच आहे. मलमं बघते आहे.

६ जुलै, रविवार

फोन केला नाही. दोनदा उचलला, ठेवला. वहिनीचा निरोप आला, जेवली, झोपली, काल फार त्रास झाला, आज कमी. "फार त्रास झाला" हे मला सरळ शब्दांत वाचायला मिळालं ते वहिनीकडून. किती वेळ वाचत बसले.

९ जुलै, बुधवार

आज नवी गोळी. साडेआठला मी घड्याळाकडे बघत उभी होते, चहा गार झाला. दुकानात दहाला गेले. साबणांची पेटी फोडली. कोणी काही विचारलं तर ऐकू येत नव्हतं.

अडीच वाजता मागच्या खोलीत असताना फोन वाजला. तिचाच.

"ताई, घेतली गं. सकाळी. काही झालं नाही. ताप नाही, काही नाही. वहिनी दर अर्ध्या तासाने कपाळाला हात लावतेय."

"कसं वाटतंय तुला?" मी विचारलं.

"ठीक आहे."

हा शब्द मी नऊ दिवस ऐकला होता आणि नऊ दिवस लिहून घेतला होता. म्हटलं, "खरं सांग ना. मी काही करणार नाही. ऐकेन फक्त."

मागे कुठेतरी भांड्यांचा आवाज आणि वहिनीचं बोलणं येत होतं. मग धाकटी अगदी मायेने, लहान मुलाची समजूत घालावी तशी म्हणाली, "वहिनीला सांगितलंय मी सगळं. तू नको काळजी करूस. जेवलीस का?"

"जेवले," मी म्हटलं. डबा समोर होता, उघडला नव्हता.